डिस्क वाढवली, मग जागा कुठे अडकली?

वाचकांचे प्रश्न : व्हर्च्युअल मशीनची डिस्क

या वेळच्या टपालात व्हर्च्युअल मशीनच्या (व्हीएम, म्हणजे संगणकात सॉफ्टवेअरने उभारलेला दुसरा संगणक) डिस्कबद्दलचे प्रश्न इतके होते की सगळं सदर त्यांनाच दिलं आहे. उत्तरांत ‘होस्ट’ म्हणजे व्हीएम ज्या खऱ्या संगणकावर चालतं तो, आणि ‘गेस्ट’ म्हणजे व्हीएमच्या आतली ऑपरेटिंग सिस्टिम. व्हर्च्युअलबॉक्स, हायपर-व्ही, व्हीएमवेअर, केव्हीएम, प्रॉक्समॉक्स आणि ईएसएक्सआय ही व्हीएम चालवायची सॉफ्टवेअरं. कमांडची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापली आहेत, टाइप करताना ती रोमन अक्षरांतच लिहायची. आणखी एक गोष्ट प्रत्येक उत्तरात पुन्हा सांगत नाही, ती इथेच वाचा : पार्टिशनला, म्हणजे डिस्कच्या आखलेल्या भागाला, हात लावण्याआधी मशीन बंद करून डिस्कची फाइल दुसऱ्या ड्राइव्हवर कॉपी करून ठेवा. स्नॅपशॉट, म्हणजे मागे फिरता यावं म्हणून गोठवून ठेवलेली मशीनची स्थिती, हा बॅकअप नव्हे. इथे तर तो कामात अडथळाच आणतो.

प्रश्न : व्हर्च्युअलबॉक्समधल्या लिनक्स मशीनची डिस्क 40 जीबीवरून 80 जीबी केली. सेटिंगमध्ये 80 दिसतात, आत मोकळी जागा सांगणारं ‘डीएफ’ मात्र जुनाच आकडा दाखवतं. मशीन दोनदा बंद करून चालू केलं. चुकलं काय?

उत्तर : चुकलं काही नाही, काम अर्ध्यावर राहिलं आहे. व्हीएमची डिस्क म्हणजे होस्टवरची एक फाइल. ती मोठी केली की गेस्टला एवढंच दिसतं की डिस्क मोठी झाली. त्या डिस्कच्या सुरुवातीला पार्टिशनचा तक्ता असतो. पहिलं पार्टिशन कुठल्या सेक्टरपासून (सेक्टर म्हणजे डिस्कचा सगळ्यात छोटा तुकडा) कुठल्या सेक्टरपर्यंत, हे त्यात लिहिलेलं असतं आणि ते आपोआप बदलत नाही. पार्टिशनच्या आत फाइल सिस्टिम, म्हणजे फाइली ठेवायची मांडणी, असते. तिनेही फॉरमॅट केल्याच्या दिवशीचा आपला आकार लिहून ठेवलेला असतो. म्हणून वाढवताना बाहेरून आत जायचं : आधी फाइल, मग पार्टिशन, मग फाइल सिस्टिम. एलव्हीएम (डिस्कची जागा एकत्र करून हवी तशी वाटणारी लिनक्सची सोय) किंवा एन्क्रिप्शन असेल तर मधे आणखी थर येतात.

‘डीएफ’ फक्त सगळ्यात आतला थर मोजतं, त्यामुळे अडलंय कुठे ते त्यातून कळत नाही. ते ‘एलएसबीएलके’ सांगतं. त्यात एसडीए (पूर्ण डिस्क) 80 जी आणि त्याखाली एसडीए1 (पहिलं पार्टिशन) 40 जी दिसलं, तर पार्टिशन वाढवायचं राहिलं आहे. दोन्हीकडे 80 आणि ‘डीएफ’मध्ये 40 असेल, तर फाइल सिस्टिम राहिली आहे. एसडीएसमोरच 40 असेल, तर बाहेरचा बदल गेस्टपर्यंत पोचलेलाच नाही.

पार्टिशन वाढवायला ‘ग्रोपार्ट’ सगळ्यात सोयीचं. डेबियन आणि उबुंटूवर ते ‘क्लाउड-गेस्ट-युटिल्स’ या पॅकेजमधून मिळतं, रेड हॅटच्या कुळात ‘क्लाउड-युटिल्स-ग्रोपार्ट’मधून. त्याला डिस्कचं नाव आणि पार्टिशनचा क्रमांक असे दोन सुटे शब्द द्यायचे असतात : आधी /डेव्ह/एसडीए, मग जागा सोडून 1. दोन्ही जोडून एसडीए1 असं लिहिलं की ते नकार देतं, आणि इथेच सगळ्यात जास्त लोक अडखळतात. मनात शंका असेल तर आधी ‘ड्राय-रन’ पर्याय लावा. काय बदलणार आहे ते दिसतं, बदलत काहीच नाही.

पुढची कमांड फाइल सिस्टिमवर अवलंबून आहे. ‘डीएफ’ला मोठ्या टीचा पर्याय दिला की प्रकार कळतो. ईएक्सटी4 असेल तर ‘रिसाइझ2एफएस’ आणि पुढे पार्टिशनचं नाव, /डेव्ह/एसडीए1. आकार सांगायची गरज नाही, मिळेल तेवढी जागा ते घेतं. एक्सएफएस असेल तर ‘एक्सएफएस_ग्रोएफएस’, आणि त्याला पार्टिशन नव्हे तर माउंट केलेली जागा, म्हणजे ते ज्या फोल्डरला जोडलं आहे तो, द्यायची. रूट (सिस्टिम बसवलेली मुख्य फाइल सिस्टिम) असेल तर नुसता तिरका दंड. बीटीआरएफएस असेल तर ‘बीटीआरएफएस फाइलसिस्टिम रिसाइझ मॅक्स’ आणि माउंटची जागा. तिन्ही कामं मशीन चालू असताना, रूट माउंट असताना होतात. लाइव्ह सीडीवरून (डिस्कवर न बसवता चालणाऱ्या सिस्टिमवरून) बूट करा असा सल्ला वाढवण्याच्या कामासाठी सहसा अनावश्यक असतो.

‘ग्रोपार्ट’ मिळतच नसेल तर ‘पार्टेड’मधलं ‘रिसाइझपार्ट’ वापरा. ‘एफडिस्क’मध्ये पार्टिशन काढून पुन्हा बनवायची जुनी रीतही चालते, पण दोन गोष्टी डोळ्यांत तेल घालून पाहा. सुरुवातीचा सेक्टर होता तोच हवा (बहुतेकदा 2048, पण गृहीत धरू नका, आधी लिहून घ्या). आणि जुन्या फाइल सिस्टिमची सही पुसायची का असं विचारलं की उत्तर ‘नाही’. सुरुवात एका सेक्टरने सरकली तरी फाइल सिस्टिम सापडत नाही आणि मशीन बूट होत नाही.

प्रश्न : उबुंटू सर्व्हर बसवताना 100 जीबीची डिस्क दिली. रूटला जेमतेम 49 मिळाले. बाकीचे कोणी खाल्ले?

उत्तर : कोणी नाही, राखून ठेवले आहेत. उबुंटू सर्व्हरचा इन्स्टॉलर एलव्हीएम वापरतो आणि व्हॉल्यूम ग्रुप (एलव्हीएमने एकत्र केलेली जागा) 20 ते 200 जीबीमधला असेल तर निम्मीच जागा रूटला देतो. 200च्या वर असेल तर फक्त 100 जीबी. उरलेली पुढे स्नॅपशॉटसाठी किंवा वेगळ्या व्हॉल्यूमसाठी मोकळी ठेवतो. हेतू चांगला आहे, पण इन्स्टॉलरच्या पडद्यावर तो आकडा न वाचता पुढे गेलं की तीन महिन्यांनी डिस्क भरते आणि माणूस होस्टवरची डिस्क वाढवायला धावतो. तुम्हाला ती वाढवायची गरजच नाही.

‘व्हीजीएस’ चालवा. शेवटच्या व्हीफ्री रकान्यात 49 जीच्या आसपास दिसेल. मग ‘एलव्हीएक्सटेंड’, पुढे छोटा आर, पुढे छोटा एल आणि +100%फ्री, शेवटी /डेव्ह/उबुंटू-व्हीजी/उबुंटू-एलव्ही. छोट्या आरमुळे लॉजिकल व्हॉल्यूमबरोबर (ग्रुपमधून काढून दिलेला भाग) फाइल सिस्टिमही वाढते. तो विसरलात तरी बिघडत नाही, ‘रिसाइझ2एफएस’ नंतर चालवा. छोटा एल टक्के आणि एक्स्टेंट (एलव्हीएमचे ठरावीक आकाराचे तुकडे) मोजतो, मोठा एल जीबी. मोठ्या एलबरोबर +20जी म्हणजे 20ची भर, आणि अधिकचं चिन्ह गाळलं तर एकूण आकार 20. सगळी जागा एकदम देण्यापेक्षा पाचेक जीबी ग्रुपमध्ये मोकळे ठेवलेले बरे; एलव्हीएमचा स्नॅपशॉट घ्यायची वेळ आली तर जागा तिथूनच लागते.

पुढे खरोखर डिस्क वाढवायची वेळ आली, तर क्रम असा : होस्टवर फाइल वाढवा, गेस्टमध्ये ‘ग्रोपार्ट’ एसडीए 3, मग ‘पीव्हीरिसाइझ’ /डेव्ह/एसडीए3, मग वरचं ‘एलव्हीएक्सटेंड’. ‘पीव्हीरिसाइझ’ गाळलं तर ‘व्हीजीएस’मध्ये मोकळी जागा शून्यच राहते आणि पुढची कमांड वाढायला जागा नाही म्हणून थांबते. डिस्क लक्सने, म्हणजे लिनक्सच्या एन्क्रिप्शनच्या सोयीने, एन्क्रिप्ट केलेली असेल तर ‘ग्रोपार्ट’ आणि ‘पीव्हीरिसाइझ’च्या मधे ‘क्रिप्टसेटअप रिसाइझ’ येतं, आणि मग ‘पीव्हीरिसाइझ’ला पार्टिशन नव्हे, तर उघडलेल्या मॅपरचं (/डेव्ह/मॅपरखालचं) नाव द्यायचं.

प्रश्न : डेबियनवर ‘ग्रोपार्ट’ चालवलं तर ‘नोचेंज’ म्हणून थांबतं. डिस्क 30ची 60 झाल्याचं ‘एलएसबीएलके’मध्ये दिसतंय.

उत्तर : तुम्ही पाठवलेल्या यादीत एसडीए1 रूट, एसडीए2 फक्त 1 के, आणि एसडीए5 स्वॅप (मेमरी कमी पडली तर वापरायची डिस्कवरची जागा) आहे. ही डेबियनची जुनी ठेवण. रूटनंतर लगेच एक्स्टेंडेड पार्टिशन, त्याच्या पोटात स्वॅप, आणि नवी मोकळी जागा स्वॅपच्याही पलीकडे. पार्टिशन फक्त आपल्या लगतच्या मोकळ्या जागेत वाढतं. मधे एक जीबीचा स्वॅप बसला आहे, म्हणून पलीकडचे 30 जीबी दिसतात पण मिळत नाहीत.

स्वॅप पार्टिशन काढून टाका आणि त्याऐवजी स्वॅपची फाइल करा. ‘स्वॅपऑफ’ला मोठा नव्हे, छोटा ए द्या. ‘एफडिस्क’मध्ये आधी 5, मग 2 क्रमांक काढा आणि डब्ल्यूने लिहा. आता ‘ग्रोपार्ट’ एसडीए 1 आणि ‘रिसाइझ2एफएस’. मग ‘एफअलोकेट’ने रूटमध्ये 2 जीबीची स्वॅपफाइल बनवा, ‘सीएचमॉड 600’ करा, ‘एमकेस्वॅप’, ‘स्वॅपऑन’. /ईटीसी/एफएसटॅबमधली जुनी स्वॅपची ओळ काढून नव्या फाइलची घाला. रूट बीटीआरएफएसवर असेल तर अशी साधी फाइल चालत नाही, पण डेबियनमध्ये सहसा ईएक्सटी4च असतं.

इतकं केल्यावर पुष्कळांचं मशीन बूट होताना अर्धा मिनिट अडून राहतं आणि नवंच काहीतरी बिघडल्याचा संशय येतो. कारण साधं आहे. /ईटीसी/इनिट्रॅमएफएस-टूल्स/कॉन्फ.डी मधल्या ‘रिझ्युम’ फाइलमध्ये त्या काढून टाकलेल्या स्वॅपचा यूयूआयडी (ओळखक्रमांक) अजून आहे, आणि बूट होताना तो शोधला जातो. तिथे रिझ्युम=नन लिहा आणि ‘अपडेट-इनिट्रॅमएफएस’ छोट्या यूसह चालवा.

प्रश्न : हायपर-व्हीमध्ये विंडोज 10ची डिस्क वाढवली. डिस्क मॅनेजमेंटमध्ये मोकळी जागा दिसते, पण सी ड्राइव्हवर ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ करड्या रंगात आहे. काहीतरी खरेदी करावं लागेल का?

उत्तर : काही खरेदी करू नका. वरच्या डेबियनसारखीच अडचण, फक्त मधे बसलेला गडी वेगळा. सी आणि मोकळ्या जागेच्या मधे 500 एमबीच्या आसपास एक रिकव्हरी पार्टिशन असतं. डिस्क मॅनेजमेंट ते उजवं क्लिक करून काढू देत नाही. ‘डिस्कपार्ट’ देतं.

बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) चालू असेल तर आधी तात्पुरतं थांबवा. मग ॲडमिनिस्ट्रेटरच्या खिडकीत ‘रीएजंटसी’ला डिसेबल पर्याय द्या. याने रिकव्हरीची विनआरई फाइल त्या पार्टिशनमधून सी ड्राइव्हवर, सिस्टिम32मधल्या रिकव्हरी फोल्डरमध्ये परत येते. ही पायरी गाळून पार्टिशन उडवलं तर ती फाइल कायमची गेली आणि मग ती विंडोजच्या इन्स्टॉल इमेजमधून काढत बसावी लागते.

‘डिस्कपार्ट’मध्ये ‘सिलेक्ट डिस्क 0’, ‘लिस्ट पार्टिशन’, आणि रिकव्हरीचा क्रमांक पाहून ‘सिलेक्ट पार्टिशन’. काढण्याआधी ‘डिटेल पार्टिशन’ द्या आणि टाइपसमोरचा लांबलचक कोड आणि ॲट्रिब्यूटसमोरचा आकडा एका फाइलमध्ये उतरवून घ्या. नवं पार्टिशन बनवताना दोन्ही जसेच्या तसे लागतात. मग ‘डिलीट पार्टिशन ओव्हरराइड’. ओव्हरराइड हा शब्द नसेल तर संरक्षित पार्टिशन म्हणून ते नकार देतं. आपण निवडलेलं पार्टिशन तेच आहे ना, हे एंटर दाबण्याआधी एकदा पाहा. इथे ‘नक्की का’ असं कोणी विचारत नाही.

आता डिस्क मॅनेजमेंटमध्ये ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ उजळलेलं दिसेल. सगळी जागा घेऊ नका, शेवटी 1 जीबी मोकळा सोडा. त्यात पुन्हा ‘डिस्कपार्ट’ने प्रायमरी पार्टिशन बनवून एनटीएफएस फॉरमॅट करा, ‘सेट आयडी’ने उतरवलेला कोड आणि ‘जीपीटी ॲट्रिब्यूट्स’ने तो आकडा द्या. शेवटी ‘रीएजंटसी’ एनेबल, आणि इन्फो पर्यायाने खात्री. 500ऐवजी 1 जीबी का? जानेवारी 2024मध्ये केबी5034441 हे अपडेट असंख्य संगणकांवर 0एक्स80070643 ही चूक दाखवून अडलं, कारण रिकव्हरी पार्टिशनमध्ये पुरेशी जागा नव्हती, आणि मायक्रोसॉफ्टला ते 250 एमबीने वाढवायची रीत प्रसिद्ध करावी लागली. पार्टिशन नव्याने करतोच आहोत, तर ती कटकटही मिटवून टाकावी.

प्रश्न : व्हर्च्युअलबॉक्स ‘मॉडिफायमीडियम’ला दाद देत नाही. दुसऱ्या एका मशीनवर कमांड यशस्वी झाली, पण आत आकार तोच राहिला.

उत्तर : दोन वेगळी कारणं आहेत. पहिल्या मशीनची डिस्क व्हीएमडीके प्रकारची असणार. ‘व्हीबॉक्समॅनेज मॉडिफायमीडियम’चा रिसाइझ पर्याय व्हीडीआय आणि व्हीएचडी या प्रकारांसाठी आहे. ‘व्हीबॉक्समॅनेज क्लोनमीडियम’ने फॉरमॅट व्हीडीआय देऊन नवी प्रत करा, ती वाढवा, आणि सेटिंगमध्ये जुन्या डिस्कच्या जागी त्याच कंट्रोलरच्या त्याच पोर्टला जोडा. मशीन नीट चालल्याचं पाहूनच जुनी फाइल काढा. रिसाइझला दिलेला आकडा एमबीमध्ये असतो आणि तो एकूण आकार असतो, भर नव्हे. 80 जीबीसाठी 81920.

दुसऱ्या मशीनवर स्नॅपशॉट असणार. स्नॅपशॉट घेतला की मूळ फाइल गोठते आणि नवं लिखाण वेगळ्या फरकाच्या फाइलमध्ये जातं. तुम्ही मूळ फाइल वाढवली, मशीन मात्र फरकाच्या फाइलवर चालतंय आणि तिचा आकार जुनाच आहे. स्नॅपशॉट काढून टाका, म्हणजे फरक मूळ फाइलमध्ये मिसळतो. ‘डिलीट’ या शब्दाला बिचकू नका, सध्याची स्थिती जात नाही, मागे फिरायची सोय जाते. मिसळताना होस्टवर मोकळी जागा लागते आणि वेळही लागतो. मधेच बंद करू नका.

व्हीएमवेअर स्नॅपशॉट असताना ‘एक्सपांड’ करूच देत नाही, आणि ते बरं आहे. काही जण तिथे हुशारी करून मूळ व्हीएमडीके फाइल ‘व्हीएमवेअर-व्हीडिस्कमॅनेजर’ने परस्पर वाढवतात. त्यानंतर मूळ डिस्क आणि स्नॅपशॉट यांचे ओळखक्रमांक जुळेनासे होतात आणि मूळ डिस्क नंतर बदलली गेली असल्याचं सांगत मशीन उघडत नाही. हायपर-व्हीमध्येही चेकपॉइंट (तिथला स्नॅपशॉट) असताना डिस्क संपादित करता येत नाही.

व्हर्च्युअलबॉक्सची एक बारीक खोड : बॅकअप म्हणून फाइल मॅनेजरने कॉपी केलेली व्हीडीआय जोडायला गेलात तर तोच यूयूआयडी आधीच नोंदलेला आहे असं म्हणून ते नाकारतं. प्रत ‘क्लोनमीडियम’ने केली तर हा प्रश्न येत नाही.

प्रश्न : केव्हीएमवरचा सर्व्हर बंद करायची परवानगी नाही. चालू असताना डिस्क वाढेल?

उत्तर : वाढेल, पण ‘क्यूईएमयू-आयएमजी रिसाइझ’ने नाही. चालू मशीनच्या फाइलला बाहेरून त्या कमांडने हात लावला तर डिस्कवरचं सगळं बिघडू शकतं. ती बंद मशीनसाठीच. चालू असताना ‘व्हर्श ब्लॉकरिसाइझ’, पुढे मशीनचं नाव, डिस्कचं नाव (व्हीडीए) आणि एकूण आकार 80जी. जी लावायला विसरू नका, नुसता आकडा किबीबाइट धरला जातो. प्रॉक्समॉक्समध्ये ‘क्यूएम रिसाइझ’, मशीनचा क्रमांक, स्कझी0, +20जी. इथे अधिक म्हणजे भरच.

डिस्क व्हर्टआयओ ब्लॉक प्रकारची, म्हणजे नाव व्हीडीए असेल, तर गेस्टला बदल लगेच कळतो. स्कझी या जोडणीच्या डिस्कवर नवा आकार दिसला नाही तर /सिस/क्लास/ब्लॉक/एसडीए/डिव्हाइस/रीस्कॅन या फाइलमध्ये रूट वापरकर्ता म्हणून 1 लिहा. पुढे नेहमीप्रमाणे. विंडोज गेस्टमध्ये याच कामाला डिस्क मॅनेजमेंटमधलं ‘रीस्कॅन डिस्क्स’.

ईएसएक्सआयवर चालू मशीनची स्कझी डिस्क वाढते, आयडीई या जुन्या जोडणीची नाही. हायपर-व्हीत विंडोज सर्व्हर 2012 आर2पासून चालू मशीनची डिस्क वाढते, अट अशी की ती व्हीएचडीएक्स असावी आणि स्कझी कंट्रोलरवर असावी. जनरेशन 1 (हायपर-व्हीचा जुना प्रकार) मशीनची बूट डिस्क आयडीईवर असते, तिथे मशीन बंद करण्यावाचून गत्यंतर नाही.

प्रश्न : रूट 100 टक्के भरलं म्हणून डिस्क वाढवली, तर आता ‘ग्रोपार्ट’च जागा नाही म्हणून थांबतं!

उत्तर : ‘ग्रोपार्ट’ /टीएमपीमध्ये एक छोटं तात्पुरतं फोल्डर बनवतं, तेवढीही जागा उरलेली नाही. /टीएमपीवर मेमरीतली फाइल सिस्टिम चढवा : ‘माउंट’, छोटा टी टीएमपीएफएस, छोटा ओ साइझ=10एम, टीएमपीएफएस, /टीएमपी. आता ‘ग्रोपार्ट’ चालेल. काम झालं की ‘यूमाउंट’ /टीएमपी.

अशा वेळी लॉग उडवूनही जागा सुटत नाही, असंही तुम्ही लिहिलं आहे. ज्या सेवेने ती फाइल उघडी ठेवली आहे ती बंद होईपर्यंत जागा परत मिळत नाही. ‘एलएसओएफ +एल1’ (एल मोठा) अशा पुसलेल्या पण उघड्या फाइली दाखवतं. ती सेवा रीस्टार्ट करा. सिस्टिमच्या नोंदींचं जर्नल फुगलं असेल तर ‘जर्नलसीटीएल’ला व्हॅक्यूम-साइझ=200एम द्या. आणि ‘डीएफ’ला छोटा आय देऊन आयनोडही (फाइलींच्या नोंदींच्या जागा) पाहा, लाखो बारक्या फाइलींनी ते संपले असतील तर जीबी शिल्लक असूनही ‘जागा नाही’च येतं. ईएक्सटी4 वाढवली की नव्या भागाबरोबर नवे आयनोडही येतात, म्हणून तिथेही डिस्क वाढवणं कामी येतं.

वाढवल्यावर बेरीज जुळत नाही असं वाटलं तर : ईएक्सटी4 मुळातच 5 टक्के जागा रूट वापरकर्त्यासाठी राखते. 80 जीबीवर ती 4 जीबी होते. वेगळ्या डेटा डिस्कवर ‘ट्यून2एफएस’, छोटा एम, 1 असं करून ती कमी करायला हरकत नाही. रूटवर राहू द्या.

प्रश्न : 3 टीबी डिस्क दिली, 2 टीबीच्या पलीकडे काही करता येत नाही.

उत्तर : पार्टिशनचा तक्ता एमबीआर या जुन्या प्रकारचा आहे. त्यात सेक्टरचा आकडा 32 बिटांत लिहितात. 512 बाइटच्या सेक्टरने ती मर्यादा 2 टीबीलाच संपते. जीपीटी या नव्या प्रकारात रूपांतर करता येतं. विंडोज 10च्या 1703 आवृत्तीपासून त्यासाठी ‘एमबीआर2जीपीटी’ आहे. पण त्यानंतर मशीन यूईएफआयने (बायोसच्या जागी आलेल्या नव्या पद्धतीने) बूट व्हावं लागतं, आणि हायपर-व्हीचं जनरेशन 1 मशीन ते करू शकत नाही. जनरेशन नंतर बदलताही येत नाही. लिनक्स बायोसनेच बूट करायचं असेल तर ग्रबसाठी (लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामसाठी) 1 एमबीचं वेगळं पार्टिशन लागतं. इतका उपद्व्याप करण्यापेक्षा बूट डिस्क लहानच ठेवा, दुसरी जीपीटी डिस्क जोडा आणि डेटा तिच्यावर हलवा. फाइल व्हीएचडी प्रकारची असेल तर तीही 2040 जीबीच्या पुढे जात नाही, आधी व्हीएचडीएक्स करून घ्या.

आधीपासून जीपीटी असलेल्या डिस्कवर ‘पार्टेड’ने ‘फिक्स की इग्नोर’ असं विचारलं तर घाबरू नका. जीपीटी आपल्या तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवतं, आणि डिस्क वाढल्यावर तो ‘शेवट’ मधेच राहतो. फिक्स म्हणा. ‘एसजीडिस्क’ला छोटा ई दिला तरी तेच होतं.

प्रश्न : 500 जीबीच्या होस्टवर प्रत्येकी 200 जीबीची चार मशीनं आहेत. वर्षभर काही झालं नाही, आता अचानक दोन मशीनं आपोआप थांबतात.

उत्तर : डायनॅमिक डिस्कची फाइल वापराप्रमाणे फुगते, 200 हा फक्त कमाल आकडा. चौघांची बेरीज 800, होस्टकडे 500. होस्ट भरला की पुढचं लिखाण जायला जागा राहत नाही, आणि डेटा बिघडू नये म्हणून व्हर्च्युअलबॉक्स मशीनला पॉझ करतं. केव्हीएमही सहसा हेच करतं. होस्टवर जागा मोकळी करून मशीन पुढे चालू केलं की ते जिथे होतं तिथून चालतं. तडक पॉवर ऑफ करू नका.

गेस्टमध्ये फाइली पुसल्याने होस्टवरची फाइल लहान होत नाही, कारण कुठला भाग रिकामा झाला ते होस्टला कळत नाही. केव्हीएममध्ये डिस्कला डिस्कार्ड=अनमॅप लावा आणि गेस्टमध्ये ‘एफएसट्रिम’ चालवा. व्हर्च्युअलबॉक्सच्या व्हीडीआयसाठी गेस्टमधली रिकामी जागा आधी शून्यांनी भरावी लागते : विंडोजमध्ये ‘एसडिलीट’ छोट्या झेडसह, लिनक्समध्ये माउंट नसलेल्या ईएक्सटी4वर ‘झीरोफ्री’. मग मशीन बंद करून ‘मॉडिफायमीडियम’ला कॉम्पॅक्ट पर्याय. शून्यं भरताना फाइल आधी पूर्ण आकाराला फुगू शकते, म्हणून हे काम होस्ट गळ्यापर्यंत भरलेला असताना सुरू करू नका. आधी एखादं मशीन बाहेरच्या ड्राइव्हवर हलवा.

प्रश्न : 80ऐवजी चुकून 800 जीबी केली. परत कशी आणू?

उत्तर : पार्टिशन अजून वाढवलेलं नसेल आणि डिस्क डायनॅमिक असेल, तर तशीच सोडून द्या. न वापरलेले 720 जीबी होस्टवर जवळपास काहीच जागा घेत नाहीत. पार्टिशन 80लाच थांबवा म्हणजे फाइल त्याच्या पुढे फुगणार नाही.

सगळं वाढवून झालं असेल तर काम उलट्या क्रमाने, आतून बाहेर : आधी फाइल सिस्टिम, मग पार्टिशन, मग डिस्क. क्रम चुकला तर फाइल सिस्टिमचं शेपूट कापलं जातं. ईएक्सटी4 लहान होते, पण माउंट नसताना, म्हणजे इथे मात्र लाइव्ह सीडी खरोखर लागते. एक्सएफएस लहान होत नाही असंच धरून चाला. विंडोजचं ‘श्रिंक व्हॉल्यूम’ जागेवरून न हलणाऱ्या फाइलींपाशी अडतं. आणि व्हर्च्युअलबॉक्स डिस्क वाढवतं, लहान करत नाही. म्हणून 80 जीबीची नवी डिस्क त्याच मशीनला जोडा, लाइव्ह सीडीवरून ‘जीपार्टेड’ने पार्टिशन लहान करून नव्या डिस्कवर कॉपी करा आणि ग्रब पुन्हा बसवा. रूट एक्सएफएसवर असेल तर नव्या डिस्कवर नवी फाइल सिस्टिम करून ‘आरसिंक’ने फाइली हलवाव्या लागतात. मग यूयूआयडी बदलतो, तेव्हा ग्रब बसवण्याआधी एफएसटॅबमध्येही तो बदला.